अप्पांनी ज्वालामुखीत लावलेली पोपटी

माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या अप्पांना, पासपोर्ट काढायला तयार करणं हे या प्रवासातलं सगळ्यात अवघड काम होतं. "मला कुठं जायाचं हाय? रोह्याच्या बाजारात जातो, कोलाडला जातो, बास झालं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. धाकटा भाऊ महेश लिस्बनला नोकरीला लागल्यापासून दर वर्षी बोलवायचा, आणि अप्पा आधी भात, मग वाल, मग म्हैस अशी कारणं पुढे करायचे. या वेळी मात्र ते 'बरं' म्हणाले, आणि त्यामागचं कारण काही आनंदाचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका तापातून उठल्यावर त्यांना वास येईनासा झाला. नाकाला काही कळेना, आणि वासाच्या मागोमाग चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही, वाट बघा. आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. पण अप्पा म्हणजे आमच्या गावचे पोपटीवाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आम्ही रायगडकर मडक्यात भांबुर्डी या रानझुडपाचा वासाचा पाला, शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी असं रचतो, तोंडाशी पुन्हा पाला कोंबतो, मडकं शेतात उपडं घालतो आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करतो. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. झाली की नाही ते बाकीचे लोक मडक्यावर पाणी शिंपडून, ते चर्रकन उडतं का यावरून ओळखतात. अप्पा नुसत्या वासावर सांगायचे आणि चुकायचे नाहीत.

वास गेल्यापासून त्यांनी पोपटी लावली नाही. कुणी बोलवायला आलं की गुडघे दुखायला लागायचे. जेवण म्हणजे औषध घ्यावं तसं. आणि एक दिवस आई नदीवर गेलेली असताना गॅसची शेगडी न पेटताच चालू राहिली, हे शेजारच्या खोलीत बसून त्यांना कळलं नाही. शेजारीण धावत आली म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी आईचा मला पेणला फोन आला. "ह्यांना कुठंतरी घेऊन जा गो. घरात बसून मानूस सुकत चाललाय."

महेशला सुट्टी मिळत नव्हती, पण त्याने अप्पांसाठी आणि माझ्यासाठी लिस्बनहून पुढे अझोर्सची तिकिटं काढून ठेवली. अझोर्स म्हणजे अटलांटिकच्या मध्यात पोर्तुगालची ज्वालामुखीची बेटं. त्यातल्या साव मिगेल या सगळ्यात मोठ्या बेटावर एका दिवसाची खासगी सहल, गाडी आणि वाटाड्यासकट, तोच आम्हाला भेट देणार होता. मी बेटाबद्दल वाचायला बसले आणि एका ओळीवर अडकले. फुर्नास नावाच्या गावात जमिनीतून गंधकाची वाफ येते आणि लांबूनच नाक दाबावं लागतं, असं लिहिलं होतं. मी बँकेत नोकरी करते, माझा चमत्कारांवर विश्वास नाही. तरी मनात आलं, एवढी दुर्गंधी असेल तर अप्पांच्या नाकाला जाग येणार नाही कशावरून? हे मी कुणालाही सांगितलं नाही.

तयारीचं थोडक्यात. व्हिसासाठी दोन-तीन महिने हातात ठेवा. मुंबईहून लिस्बनला मध्ये एक थांबा घेऊन जावं लागतं, पुढे बेटावर अडीच तासांचं विमान. मे महिन्यातही जाड जॅकेट न्या, कारण तिथे एका दिवसात सगळे ऋतू भेटतात. अप्पा एसटीने नागोठणं, वडखळ करत पेणला आले तेव्हा त्यांच्याकडे एक लहानशी बॅग होती आणि त्यात आईने बांधून दिलेला घरचा मसाला, जाडं मीठ आणि ओवा. "परदेशात अळणी देतात म्हने," एवढंच स्पष्टीकरण. चव लागत नसलेल्या माणसाला अळणीची काळजी, हे बघून मला बरंही वाटलं आणि भरूनही आलं.

सहलीच्या सकाळी पोन्ता देल्गादा या बेटावरच्या मुख्य शहरात आमच्या हॉटेलखाली वाटाडी लुसिया गाडी घेऊन उभी होती. पन्नाशीची, आखूड केसांची, हसरी बाई, आणि इंग्रजी अगदी सावकाश बोलणारी. तिने आधी अप्पांचा हात हातात घेतला आणि मग माझा, त्यामुळे अप्पा लगेच खूश. बेटाचं एक टोक सरोवरांसाठी प्रसिद्ध आहे आणि दुसरीकडे फुर्नास. एका दिवसात दोन्ही कोंबू नका, आम्ही फुर्नासच धरलं. खासगी सहल महाग पडते, दोघांचे मिळून तीसेक हजार रुपये झाले. पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर हौसेला मोल नाही म्हणून खर्च करा. हवं तिथे थांबता येतं, आणि अप्पांना तर प्रत्येक गाय बघायला थांबायचं होतं.

गाई तिथे जिकडेतिकडे. हिरव्या उतारांवर काळ्या-पांढऱ्या गाई, आणि शेताशेतांत काळ्या दगडाचे बांध.

"रातच्याला गोठ्यात नाय नेत?" अप्पांनी विचारलं.

लुसिया म्हणाली, गोठाच नसतो, इथे बाराही महिने गाई बाहेरच.

"मंग बिबट्या?"

बिबट्या नाही, कोल्हा नाही, सापही नाही, तिने सांगितलं. मग अप्पा बांधाकडे बोट दाखवून म्हणाले, "दगूड मात्र आपलाच." मी सांगितलं, तो लाव्हा आहे, आपला सह्याद्रीही असाच झाला. "म्हंजे आपन बी ज्वालामुखीवरच भात लावतो व्हय," ते म्हणाले आणि पुढच्या गाईकडे वळले.

फुर्नासची खरी गंमत म्हणजे तिथला स्वयंपाक. तळ्याच्या काठी जमीन इतकी तापलेली असते, की खड्ड्यात भांडं ठेवून वरून माती लोटली की पाच-सहा तासांत आतलं सगळं शिजतं. हॉटेलवाले सकाळीच आपापली भांडी पुरतात आणि दुपारी काढून नेतात. त्यांच्या भांड्यात गाय-डुक्कर सगळं असतं, म्हणून मी आधीच कळवलं होतं, आणि लुसियाने आमच्यासाठी वेगळं भांडं आणलं होतं. कोंबडी, रताळी, बटाटे, कोबी, गाजर, अंडी. थोडं शुल्क भरलं की आपलंही भांडं ठेवता येतं.

तळ्याजवळ गाडीचं दार उघडलं आणि मी तोंडाला ओढणी लावली. असा वास मी जन्मात घेतला नव्हता. आसपासचे सगळे पर्यटक नाकाला रुमाल लावून, आणि अप्पा मात्र वाफेच्या अगदी मध्ये, हात मागे बांधून उभे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कपाळाला एक आठीही पडली नाही.

"काय गो, अशी काय बघतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "वास येतोय का काही?"

"कसला?"

तिथेच माझी आशा संपली. मला रडू यायला लागलं म्हणून मी तळ्याकडे तोंड करून फोटो काढत बसले.

मागे वळून बघते तर अप्पा आणि लुसिया यांच्यात एकमेकांच्या भाषेचा गंध नसताना वाद चाललेला. लुसियाने भांड्यावर झाकण ठेवून फडकं बांधायला घेतलं होतं आणि अप्पांनी तिचा हात धरला होता. "हिला सांग गो, हे असं नाय करत. झाकन काढ. पाला लाव. आनि उपडं घाल."

मी सांगितलं. लुसिया आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस गंभीर आहे. ती म्हणाली, तिच्या आजीपासून सगळे भांडं सरळच ठेवत आले आहेत, उपडं घातलं तर रस गळून जाईल.

"रस कसला? पोपटीला रस नसतो."

खरं सांगू, मला दिसत होतं की लुसियाचंच बरोबर आहे. आमच्याकडे जाळ मडक्याच्या भोवती आणि वर असतो, इथे सगळी आच खालून. उपडं घातलं तर वाफ थेट तोंडातूनच आत शिरणार. पण दोन वर्षांत पहिल्यांदा अप्पा एखाद्या भांड्यासाठी भांडत होते. मी म्हटलं, "लुसिया, त्यांच्या मनासारखं होऊ दे." तिने खांदे उडवले आणि भांडं अप्पांकडे सरकवलं. खासगी सहल आहे, ज्याचं भांडं त्याची रीत, असं काहीसं ती म्हणाली.

मग अप्पांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. सगळं बाहेर काढलं, कोंबडीला घरचा मसाला चोळला, मीठ-ओवा भुरभुरला, खाली कोबीची पानं, मग रताळी, मध्ये अंडी, वर पुन्हा कोबी असं दाबून रचलं. भांबुर्डी नाही म्हणून जरा चिडचिड केली. तोंडाला फडकं आवळलं आणि भांडं उपडं करून दोघांनी मिळून खड्ड्यात सोडलं. खड्ड्यांची राखण करणारा माणूस फावडं टेकून बघत होता. त्याने लुसियाला काहीतरी विचारलं, आणि तिने जे उत्तर दिलं त्यावर तो मोठ्याने हसला.

पुढचे पाच-सहा तास आम्ही फिरलो. गावात उकळत्या पाण्याच्या कुंडांत पोत्यातून मक्याची कणसं शिजवून विकतात, ती नक्की खा. उत्तर किनाऱ्यावर चहाचे मळे आहेत, चहा पातळ पण दृश्य सुंदर. वाटेत गरम पाण्याच्या ओहोळाकाठी अप्पांना अळू दिसलं. इथे लोक अळकुड्या उकडून खातात, पण पानं टाकून देतात, हे कळल्यावर त्यांना ते पटेचना. "येवढी पानं टाकतात? हिला फतफतं म्हाईत नाय? सांग की गो." अळूची पातळ भाजी, तिच्यातली चणाडाळ, दाणे, चिंच, गूळ हे सगळं मी इंग्रजीत समजावलं आणि लुसियाने ते गाडी थांबवून फोनमध्ये टिपून घेतलं.

दुपारी भांडं काढायला परत आलो. माती बाजूला केली, आकडीने भांडं वर ओढलं आणि जे व्हायचं तेच झालं होतं. सगळा रस खड्ड्यात गेलेला, फडकं पिवळं पडलेलं आणि सकाळपासूनची सगळी गंधकाची वाफ आमच्या जेवणात मुरलेली. तळ्याकाठच्या बाकावर लुसियाने ताटं मांडली. मी एक घास घेतला आणि तो गिळावा कसा या विवंचनेत पडले. लुसियाने घास घेतला, डोळे मिटले आणि पाण्याची बाटली शोधू लागली. बिचारी शिष्टाचाराने एवढंच म्हणाली की मसाला छान आहे. जित्याची खोड म्हणतात ती ही, मी मनात म्हटलं, दुसऱ्याच्या घरी जाऊन त्यांची चूल शिकवायची.

अप्पांनी रताळं खाल्लं, कोंबडी खाल्ली. मग अंडं सोलून अर्धं तोंडात घातलं आणि थांबले. हातातलं उरलेलं अर्धं नाकाजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"वैशू," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, "येक अंडं नासकं दिलंय गो हिनं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. "अगो, वास येतोय. घान वास येतोय."

"अप्पा," मी म्हटलं, "वास येतोय तुम्हाला."

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. ते अंड्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी ते अंडं संपवलं, दुसरं सोललं, तेही संपवलं. लुसिया घाबरून मला म्हणाली, ते आजारी पडतील, त्यांना थांबव. मी तिला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता हमसून रडले. लुसिया उठली, स्वतःच्या ताटातलं अंडं तिने अप्पांच्या ताटात ठेवलं. तेही त्यांनी खाल्लं. संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो होतो, तर दर थोड्या वेळाने हुंगून बघायचे. कधी यायचा, कधी नाही.

परत येऊन आता बरेच महिने झाले. लोक विचारतात, एवढ्या लांब जाऊन काय मिळालं, फोटो दाखव. फोटो धुक्यात गेले आहेत. अप्पांच्या नाकाचं म्हणाल तर डॉक्टर म्हणाले, बेटामुळे आलं असं नाही, यायचंच होतं, तिथे कळलं इतकंच. असेल. पण घरात बसून ते नासकं अंडं कुणी तोंडात घातलं नसतं, हे डॉक्टरांना कोण सांगणार. सगळं एकदम आलं नाही. आधी आले ते घाण वास. माशांचं खवलं-पाणी, जळका टायर, भिजलेलं पोतं. गॅसचा अजून भरवसा नाही, म्हणून महेशने स्वयंपाकघरात गॅस गळला की वाजणारं यंत्र बसवायला लावलं. फोडणीचा वास कधी येतो, कधी नाही, आणि आला नाही की अप्पा त्या दिवशी पुन्हा औषधासारखं जेवण उरकतात.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी त्यांचा बँकेत फोन आला. "शेंगा भरल्यात. येतेस का?" मी पेणहून निघून पोचले तेव्हा शेतात जाळ अर्ध्यावर आला होता. अप्पा मडक्यापासून दोन हातांवर उकिडवे बसलेले, आई केळीची पानं पुसत होती. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. विचारलं आणि त्यांना सांगता आलं नाही तर काय, ही धास्ती सगळ्यांनाच होती, मला तर जास्तच. त्यांची सुटका करावी म्हणून मीच पुढे झाले, पेल्यातलं पाणी मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं. पाल्याचा खमंग वास माझ्या नाकात भरला.

"झाली," मी म्हटलं. "काढा."

अप्पांनी मान वर केली नाही. "नाय झाली. पाल्याचा वास अजून हिरवा हाय."

मी पेला हातात घेऊन तशीच उभी राहिले. आईने पानं पुसायची थांबवली, एकदा अप्पांकडे बघितलं आणि माझा पदर खाली ओढला. "बस गो खाली," ती म्हणाली. "ते सांगतील तेव्हा काढू."