साठ मीटरची सोबत

खालच्या मजल्यावरची श्रुतिका संध्याकाळी एक गणित घेऊन वर आली. "आजी, जाताना चाल सहा, येताना दोन. सरासरी चार ना? पुस्तकात तीन दिलंय. छापताना चुकलं असणार."

कुंदाताई हसल्या. मुलुंडच्या या सोसायटीत त्यांना 'बाई' म्हणणारं कुणी नव्हतं, पण घाटकोपरच्या शाळेत त्यांनी उभी हयात विज्ञान शिकवलं होतं. याच गणितावर एकदा त्यांचा अख्खा वर्ग अडून बसला होता. शेवटी त्या मुलांना घेऊन मैदानावर उतरल्या. खेळाचे नवे शिक्षक मार्तंड गुप्ते तिथे चुन्याच्या रेघा मारत होते.

"सर, जरा साठ मीटर धावून दाखवता?"

सर धावले. दहा सेकंद. पलीकडच्या टोकाला बाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या. येताना सर त्यांच्याबरोबर बोलत बोलत चालत आले. तीस सेकंद.

"चाल कमी, तिथे वेळ जास्त गेला," बाई मुलांना म्हणाल्या. "नुसती दोन चालींची बेरीज करून अर्धी करायची नाही. एकूण अंतर एकशेवीस, एकूण वेळ चाळीस. भागा."

तीन आले.

"आणि सर निघाले तिथेच परत आले. म्हणजे विस्थापन शून्य, सरासरी वेगही शून्य."

"मग सर फुकटच धावले?" कुणीतरी विचारलं.

"फुकट नाही रे," सर दम खात म्हणाले, आणि बाईंनी मान खाली घातली. दिवाळीनंतर दोघांचं लग्न झालं.

हे सांगताना कुंदाताईंचं लक्ष सारखं खिडकीपाशी बसलेल्या मार्तंडरावांकडे जात होतं. झटका येऊन गेल्यापासून ते उजवा पाय ओढत चालत. रोज खाली फिरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आपल्याला असं चालताना कुणी पाहावं, हे त्यांना सोसवत नव्हतं.

"आजोबा, आपण करून बघू ना," श्रुतिका म्हणाली. "तुम्ही टाकीपाशी थांबा. मी गेटपासून धावत येते, मग आपण दोघं चालत परत जाऊ."

मार्तंडरावांनी खिडकीतून खाली गेटकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुंदा, काठी दे."

खाली कुंदाताई घड्याळ घेऊन गेटपाशी उभ्या राहिल्या आणि श्रुतिका टाकीपर्यंत धावत आली. परतीला तिने आजोबांचा हात धरला. वाटेत ते दोनदा थांबले. वॉचमनने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी नको म्हटली.

"आजी, सरासरी फारच कमी येणार," गेटपाशी श्रुतिका पुटपुटली.

"येऊ दे," मार्तंडराव म्हणाले. "उद्या परत मोजू."

दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आतच ते चपला घालून दारात उभे होते.