राखेनं घासलेली काच
रॉकेलचा वास आता क्वचितच येतो, पण आला की आर्वीचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. लोडशेडिंगची ती वर्षं. संध्याकाळी वीज जायच्या आत आई कंदिलाची काच चुलीच्या राखेनं घासून लख्ख करायची. मी तेव्हा पीएच.डी. करत होते. एका काचेवर मी असा पातळ थर चढवला होता, ज्यातून आरपार दिसायचं आणि वीजही वाहायची. बाहेरगावच्या प्रयोगशाळेनं त्यावर अतिवेगवान लेसरनं केसाहून कितीतरी बारीक रेघा पाडून दिल्या होत्या. कित्येक महिने वाट पाहून हाती आलेला तो एकच तुकडा एका संध्याकाळी घरी येताच मी कंदिलाजवळ ठेवला आणि हातपाय धुवायला गेले. परत येते तर तो आईच्या राखभरल्या हातात! मी किंचाळलेच. "काऊन वरडून राह्यली वं?" आई म्हणाली, "कंदिलासंगं तुही काच बी घासली. पण हा डाग काई निघत नाई." "डाग नाई तो, आई! लेसरच्या रेघा आहेत!" तेवढ्यात वीज गेली. तिनं कंदील लावला, काच त्यापुढे धरली, आणि त्या डागात इंद्रधनुष्याचे रंग उमटले. "अवं माय," ती हळूच म्हणाली, "मंग मी हे पुसून राह्यलती?" मी पिशवीतला बॅटरीवरचा मीटर काढून काचेला लावला. काटा हलला, थरातून अजून वीज वाहत होती. ती काच आजही माझ्या टेबलावर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लेसरच्या रेघा शिस्तीत समांतर दिसतात, आणि त्यांना छेदत जाणारा एक वाकडा ओरखडा. विद्यार्थ्यांना मी रेघा दाखवते. एकटी असले की ओरखडा पाहते.