पोचवायला मीच

दुखऱ्या गुडघ्यावर मारायच्या स्प्रेचा वास आला, की सूर्यमाळच्या पाड्यावरची ती दुपार आठवते. आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात सर्वांत चांगली चढाई करणाऱ्या मुलीला ठाण्याच्या एका कॉलेजने बोलावलं होतं. वसतिगृह, बूट आणि वर महिन्याला मानधन. मी तिचा प्रशिक्षक. जाऊ नकोस, हे सांगायलाच तिच्या पाड्यावर गेलो होतो. ती टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी होती. तिच्या गुडघ्यावरच्या स्प्रेचा तो उग्र वास धुळीतूनही येत होता. तिच्या आईने कुडाच्या सावलीत मला कोरा चहा दिला आणि म्हणाली, “सर, पोरीला जायाचाय. पन तो ठान्याचा मानूस आमच्या वळखीचा नाय. तुमीच पोचवा ना.” मी चहा संपवला आणि कधी निघायचं ते विचारलं. पुढच्या आठवड्यात मीच तिला एसटीने ठाण्याला नेलं. ती पाया पडून आत गेली, तेव्हा तिथल्या सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “आणखी कोण आहे तुमच्याकडे?” मी परतीची एसटी धरली. आता दरवर्षी माझ्या संघातल्या कुणाला तरी ठाण्याहून फोन येतो आणि कुणाची तरी आई मला गाठते. कालही एक आली होती. तिने तोंड उघडायच्या आतच मी म्हणालो, “पोचवतो.”