राजाची एक उडी

सातव्या मजल्यावरच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवलेली होती. वर बुद्धिबळाचा पट, प्रत्येक घराच्या कोपऱ्यात मसुराएवढा दिवा, आणि कडेला 'मोठा कचरा' म्हणून लावायचं पालिकेचं स्टिकर. मंगळवारी सकाळी आठला पालिकेची गाडी येणार होती. आज शनिवार.

शेजारची नेत्रा तिथेच थबकली. ती इथे जपानातच, तोयोसु भागातल्या एका ऑफिसात यंत्रांच्या चिपमध्ये बसणारे प्रोग्रॅम लिहिते.

"काका, हे कुणाचं?"

"माझंच," चंद्रशेखर म्हणाले. "आपल्यामागे कुणाला आपला कचरा वेगळा करत बसायला लागू नये, म्हणून एकेक वस्तू काढतोय."

"म्हणजे तुम्ही बनवलंय?"

"त्यालाही चाळीस वर्षं झाली."

चंद्रशेखर सांगलीचे. शिकायला जपानात आले आणि इचिकावातल्या एका लहान कंपनीत लागले. तिथे त्यांना बुद्धिबळ खेळणारं यंत्र करायला सांगितलं. लहानपणी ते मामांच्या पद्धतीने खेळले होते. त्या खेळात राजाला आयुष्यात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. जग असं खेळत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी रात्री घरी खेळायला म्हणून त्यांनी दुसरी चिप केली. दोन्हींवर देवनागरीत चिठ्ठ्या चिकटवल्या: 'घरचा' आणि 'बाहेरचा'. ऑफिसात कुणाला कळू नये, एवढीच चलाखी.

प्रदर्शनाच्या सकाळी यंत्र जोडणाऱ्या माणसाला ती अक्षरं वाचता आली नाहीत; त्याने 'घरचा' बसवला. समोर बसलेले मोठ्या दुकानाचे खरेदीप्रमुख चांगले खेळाडू होते. अकराव्या खेळीला राजाच्या घराचा दिवा लागला, आणि मग प्यादी ओलांडून अडीच घरांवरचा. प्रमुख हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, कमरेत वाकले आणि निघून गेले. ऑर्डर हातची गेली. कंपनी भात शिजवायच्या भांड्यांची टायमर करू लागली. चंद्रशेखर तिकीट यंत्रांची देखभाल करत निवृत्त झाले. ते यंत्र तेवढं त्यांच्या घरीच राहिलं; कुणी परत मागितलं नाही.

"आत अजून 'घरचा'च आहे?" नेत्राने विचारलं.

"असेल. पण जुन्या चिपांमधला विजेचा भार झिरपतो. आतलं हळूहळू पुसलं जातं, आपल्यासारखं."

"कागदावर उतरवलेला प्रोग्रॅम?"

"कंपनीबरोबर गेला."

"मग हे एकच. काका, गाडी येण्याआधी मला एकदा वाचू द्या."

तिने घरून चिप वाचणारं यंत्र आणलं. चिप तीनदा वाचली, तिन्ही वेळा उत्तर किंचित वेगळं आलं. आठ हजार आकड्यांत तीन जागी चिप अडखळत होती. बाकी सगळं शाबूत होतं. तिने ते छापून दिलं.

रविवारभर चंद्रशेखर जेवणाच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसले. आपल्याच तरुणपणाचं लिखाण अनोळखी माणसाच्या पत्रासारखं वाचत होते. दुपारपर्यंत दोन जागा जुळल्या. तिसरी नेमकी उडीच्या नियमात होती.

"सोपं आहे," ते संध्याकाळी नेत्राला म्हणाले. "तेवढा भाग वगळू. यंत्र मग जगासारखं खेळेल."

आतून त्यांच्या पत्नी, जयमालाकाकू, हात पुसत आल्या. "वगळायचं नाही."

"अगं, त्या उडीनेच तर घात केला."

"तुमचा केला असेल. तुम्ही दिवसभर ऑफिसात असायचात. मला इथली भाषा येत नव्हती, खाली भाजी घ्यायची तरी बोट दाखवायला लागायचं. दुपारी मी या यंत्राशी खेळायचे. अख्ख्या इचिकावात आपल्या घरचे नियम कळणारं तेवढंच होतं."

"तू खेळायचीस? कधी बोलली नाहीस."

"हरायचे. काय सांगू?"

नेत्रा हसली. चंद्रशेखर हसले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी त्या उडीकडे एकाच बाजूने पाहिलं होतं: खुर्ची मागे सारून उठणाऱ्या त्या खरेदीप्रमुखांच्या बाजूने.

"तुझा मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले, "पण आठवत नाही गं. राजा उडी मारण्याआधी यंत्र काहीतरी तपासायचं. ते काय, तिथेच अडलंय."

"मामा काय म्हणायचे? लग्नानंतर मलाही शिकवलं होतं त्यांनी. शह खाल्लेल्या राजाला उडी नाही."

चंद्रशेखरांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी मागचं पान उलटलं, शह मोजणारी जागा बोटाने शोधली आणि तिचा क्रमांक तिसऱ्या जागी लिहिला.

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी नेत्राने नव्या चिपमध्ये सगळं भरून आणलं. वायर लावली. काही झालं नाही. चंद्रशेखरांनी जुनी सवय म्हणून पेटीला तळहाताने हलकी थाप दिली. कोपऱ्यातला एक दिवा लागला, विझला, आणि मग पहिल्या प्याद्याखाली स्थिर झाला.

काकू चहा तसाच ठेवून पटाशी बसल्या. बाराव्या खेळीला यंत्राच्या राजाने प्यादी ओलांडून उडी घेतली.

"लबाड," त्या शांतपणे म्हणाल्या आणि उंट पुढे सरकवला.

चंद्रशेखर फोनपाशी उभे होते. पलीकडच्या पालिकेतल्या बाईंना ते अत्यंत अदबीच्या जपानीत सांगत होते की उद्याची गाडी रद्द करावी, तसदीबद्दल क्षमस्व. कारण काय लिहू, असं बाईंनी विचारलं असावं.

"वापरात आहे," चंद्रशेखर म्हणाले.

फोन ठेवून ते स्टिकर नखाने सोडवू लागले. ते सहज निघेना. अर्धं तसंच राहिलं.

"अहो, ते राहू द्या," काकू पटावरून नजर न उचलता म्हणाल्या. "आधी इकडे या. हे विचार करत बसलंय. तुमच्यासारखंच."