काकूंचा शेवटचा रकाना

मॅच कोण जिंकलं, हे काकूंना बहुतेक वेळा आम्हीच सांगायचो. लीड्समधल्या आमच्या हौशी बेसबॉल टीमचा स्कोअर त्याच लिहायच्या. एकही चेंडू त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही, पण शेवटची बेरीज राहून जायची. "ती कोणीही करील रे," म्हणत त्या पेन्सिल अंबाड्यात खोचायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, लग्न करून इथे आल्या त्याला जन्म लोटला. टीममधली गोरी मुलंही त्यांना काकूच म्हणायची. तेच काकूंचं नाव आहे, अशी त्या मुलांची समजूत होती.

नोकरी सगळी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेली. मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजायच्या. त्यासाठी मुठीत मावेल असं एक यंत्र होतं, अंगठ्याने दाबलं की टिक वाजून आकडा एकाने पुढे सरकायचा. रिटायर झाल्या तेव्हा ते यंत्रही घरी आलं. नातू खेळायचा म्हणून काकू मैदानावर यायला लागल्या. नातू युनिव्हर्सिटीला निघून गेला, काकू मात्र येत राहिल्या. मांडीवर वही, पायाशी चहाचा फ्लास्क, डाव्या मुठीत यंत्र. पिचरने चेंडू टाकला की टिक.

मी दहावीसुद्धा पुरी केलेली नाही. बायको नर्स, तिच्या व्हिसावर मी आलो आणि एका गोदामात खोकी रचायला लागलो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ओळख व्हायची ती 'आपल्या सिस्टरांचे मिस्टर' अशी. त्यापुढे 'आणि तुम्ही काय करता?' असं कोणी विचारायच्या आत मी ताटं उचलायला जायचो. गोदामातला ग्रॅहम या टीमचा मॅनेजर. "तुम्ही इंडियन लोक बॉल मारताच की," म्हणून त्यानेच मला ओढून आणलं. रविवारी त्या मैदानावर मला माझ्या नावाने हाक मारायचे. आख्ख्या लीड्समध्ये तेवढी एकच जागा. ती जाईल अशी धास्ती मला सोमवारपासूनच असायची.

पहिल्याच मॅचमध्ये चेंडू मारला आणि बॅट हातात घेऊनच पळालो. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळतात. मी तर बेसवर, म्हणजे पळून गाठायच्या थांब्यावर, पोचून क्रिकेटसारखी बॅट टेकवलीसुद्धा. मैदान हसून लोळलं. परत येताना बाकावरून अस्सल यॉर्कशायरी आणि अस्सल मराठी एकदमच ऐकू आलं, "नाउ देन, लव्ह, बॅट घरी न्यायचीय का?" मान खाली घालून उभा राहिलो, तर काकूंनी फ्लास्कच्या झाकणात चहा ओतून पुढे केला.

त्यानंतर माझा फटका असा लागेचना. बेसबॉलमध्ये खेळाडूची किंमत ठरते बॅटिंग अ‍ॅव्हरेजवर, म्हणजे फटका मारून किती वेळा बेस गाठला त्यावर. त्या यादीत मी तळाला. सीझनच्या शेवटच्या मॅचआधी ग्रॅहमने जाळीवर नऊ नावं लावली. त्यात माझं नव्हतं. मी बॅग उचलून बसस्टॉपकडे निघालो.

"इकडे ये, बस," काकू म्हणाल्या. त्यांनी वही उघडली. प्रत्येक नावासमोर शेवटी एक रकाना होता, बाकी कुठल्या स्कोअरशीटवर मी तो पाहिलेला नाही. एका पाळीत फलंदाजाने पिचरला किती चेंडू टाकायला लावले, त्याची नोंद. इतरांचे तीन, चार. माझे सात, आठ, सात.

"काकू, मी घाबरतो म्हणून सोडतो चेंडू," मी खरं ते सांगून टाकलं.

"घाबरलेला माणूस कुठलाही चेंडू सोडतो. तू सोडलेस ते बहुतेक सगळे बाहेरचे. आणि दोन स्ट्राइक झाल्यावर, एक चुकला की आऊट अशी वेळ आली की, बॅटची कड लावून चेंडू रेषेबाहेर घालवत राहतोस, त्या फाउलवर आऊट नाही. पिचर दमतो. तुझ्यामागून येणाऱ्याला दमलेला पिचर मिळतो." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "रक्ताचा एकूण आकडा चांगला असतो रे पुष्कळदा. आत काय आहे, ते पेशी वेगवेगळ्या मोजल्यावर कळतं."

मी त्या रकान्याकडे बघत राहिलो. शाळेच्या प्रगतिपुस्तकानंतर माझ्याविषयी कोणी काही लिहून ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आठवड्यामागून आठवडे, चेंडूमागून चेंडू, ही बाई मला मोजत होती आणि मला पत्ता नव्हता.

काकू वही घेऊन ग्रॅहमकडे गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. ग्रॅहमने डोकं खाजवलं, जाळीवरचं एक नाव खोडलं आणि माझं लिहिलं, आमच्या सगळ्यात दांडग्या फलंदाजाच्या, टॉमच्या बरोबर आधी.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो, एक गडी बेसवर होता. मी उभा राहिलो. मैदान इतकं गप्प की प्रत्येक चेंडूला बाकावरची टिक ऐकू येत होती. नऊ चेंडू खेळलो आणि दहाव्यावर आऊट झालो. खाली मान घालून परतत होतो, तेवढ्यात धाप लागलेल्या त्या पिचरचा पुढचाच चेंडू मधोमध आला आणि टॉमने तो झाडांपलीकडे धाडला. मॅच जिंकली आणि सगळ्यांनी टॉमला गराडा घातला. काकू तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. माझ्या नावापुढे त्यांनी दहा लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली.

पुढे त्यांची नजर अधू झाली. चेंडू दिसेना, तसं लेक त्यांना लंडनमधल्या ईलिंगला घेऊन गेली. निघताना मी यंत्राकडे बघतोय हे त्यांना कळलं असावं. "हे देणार नाही हं. वही घे." आता वही मी लिहितो. माझी पाळी आली की दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देतो. शेवटचा रकाना तसाच आहे.

रविवारी संध्याकाळी त्यांना फोन करतो. प्रत्येक नाव वाचून चेंडू सांगतो आणि तिकडून टिक टिक ऐकू येते. कोण जिंकलं ते अजूनही विचारत नाहीत. परवा शेवटी म्हणाल्या, "आणि तुझे?"

"आठ. पण काकू, आऊट झालो."

"ते विचारलं नाही मी," त्या म्हणाल्या, आणि यंत्र आठ वेळा वाजलं.