गोदाची बोली कुणी खोडली

कमलबाई गेल्याचा त्यांच्या भाचीचा फोन आला, तेव्हा मी सिरसाळ्याच्या बाजारात होतो. त्याला पाच आठवडे झाले; राग मात्र अजून उतरलेला नाही. धारूरच्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, बाईंनी लहान मुलांसाठी परग्रहावरच्या गमतीदार गोष्टी लिहिल्या. पुस्तक न उघडताही माणूस किती ठामपणे बोलू शकतो...

त्या तिरमिरीतच घरी येऊन मी त्यांची 'दुसऱ्या चंद्रावरचं गाव' ही कादंबरी पुन्हा वाचायला घेतली. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. बाई विज्ञान, मी मराठी. पाण्याचं आमिष दाखवून धनगरांचं एक गाव मेंढरांसकट दूरच्या चंद्रावर नेऊन वसवतात, अशी ती कथा. चार भागांतला हा पहिला. गंमत कसली, पानापानावर जाब विचारलाय. पण तो जाब विचारणारी गोदा धनगरीण बोलते मात्र बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी.

हे कसं झालं, ते मला ठाऊक आहे. प्रकाशकांनी कळवलं होतं की भविष्यातली माणसं असं गावंढळ बोलणार नाहीत, भाषा शुद्ध करा. ते पत्र घेऊन बाई स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या.

"म्हंजे सर, पुढच्या काळात आपन असनारच न्हाई का?"

मी त्यांना समजावलं की आधी पुस्तक तर येऊ द्या, बोलीचं पुढच्या भागात बघू. आणि सगळे संवाद शुद्ध करून दिले ते मीच. पुढच्या तीन भागांत बाईंनी एक शब्द बदलू दिला नाही, म्हणून ते कुणी छापलेच नाहीत. वक्त्यांवर चिडणं सोपं आहे... बाईंनी मला कधी बोल लावला नाही. लावायला हवा होता.

गेल्या रविवारी भाचीनं कपाट आवरायला बोलावलं. त्यात बाईंची स्वतःची प्रत निघाली. मी शुद्ध केलेलं एकूण एक वाक्य त्यांनी लाल शाईनं खोडून वर मूळचं लिहिलं होतं, वही तपासावी तसं, शेवटच्या पानापर्यंत. गोदा अधिकाऱ्याला जाब विचारते, तिथं मी थांबलो. छापलंय, "इथेही पाणी नाही, मग आम्हाला का आणले?" त्यावर बाईंचं अक्षर: "हितं बी पानी न्हाई, मंग आमाला आनलं कावून?"

भाची माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं विचारलं, यातलं बरोबर कोणतं, सर?

"लाल शाईतलं," मी म्हणालो... फार उशिरा.