निळ्या टीमचा पिवळा शर्ट

मुरुममध्ये माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, भावाच्या घराची पुढची खोली. सासर सोडून आले त्याला वीस वर्षं होत आली. तेव्हापासून त्या खोलीत मी, माझं शिलाई मशीन आणि नंतर हप्त्याहप्त्यानं घेतलेलं पिको-फॉलचं मशीन. माझी जीभ तिखट आहे असं सगळं गाव म्हणतं. म्हणू देत. ब्लाऊज टाकायला शेवटी माझ्याकडंच येतात.

तीन वर्षांमागं एका दुपारी शाळेतल्या खेळाच्या मॅडम दारात उभ्या राहिल्या. ‘‘ताई, सोळा पोरींचा फुटबॉलचा ड्रेस शिवायचाय,’’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘‘मॅडम, मी ब्लाऊजवाली बाई. चुकून पोरींच्या पाठीला नाडी-लटकन लावून ठेवीन, मग बसा बोंबलत.’’

मॅडम हसल्या आणि खुर्ची ओढून बसल्याच. मागच्या वर्षी त्यांची टीम धाराशिवला जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली होती. कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी भावाच्या टी-शर्टवर, पाठीवर नंबर कुणाच्याच नाही. पंचांनी मैदानात उतरूच दिलं नाही. पोरी तुळजापूर येईपर्यंत रडत होत्या म्हणे. ‘‘यंदाही तसंच झालं तर टीम बंद करायची, असं शाळेत ठरलंय,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘रेडीमेड बघितला, पण तो ह्यांच्या अंगावर पोत्यासारखा लोंबतो. आणि पोरींना आपल्या देशाच्या टीमसारखाच पाहिजे.’’

आता देशाची फुटबॉलची टीम आहे, हेच मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडं क्रिकेट सोडून दुसरं आहे काय? मॅडमनी मोबाईल काढला आणि एकेक फोटो दाखवत गेल्या. आधी जुने, काळे-पांढरे. कॉलरवाले शर्ट, ढगळ चड्ड्या आणि कितीतरी जण चक्क अनवाणी. ‘‘अनवाणी खेळून परदेशातल्या बूटवाल्यांना घाम फोडलाय ह्यांनी,’’ मॅडम म्हणाल्या. मग रंगीत फोटो आले. तिथं निळा दिसायला लागला. आधी फिक्का, आकाशी. पुढं पुढं गडद होत गेलेला. कॉलर गेली, गळा गोल झाला, मध्येच टोकदार झाला, परत कॉलर आली. बाह्या आखूड झाल्या. कापड सुती होतं ते घाम सुकवणारं झालं. मी फोटो मोठा करून शिवणी बघत होते. खांद्याचा जोड एका काळात वर होता, नंतर तो पुढं छातीवर सरकला. कुणीतरी डोकं लावून बसलं होतं त्यावर. ब्लाऊजच्या फॅशनी अशाच फिरून फिरून येतात, त्यामुळं मला ते सगळं एकदम ओळखीचं वाटलं.

‘‘हा निळा म्हणजे घरचा ड्रेस,’’ मॅडमनी सांगितलं. ‘‘आपल्या मैदानावर खेळायचा. दुसऱ्यांच्या मैदानावर गेलं आणि रंग सारखा आला, तर पांढरा.’’

मला हसूच आलं. आमच्याकडं घरचा कपडा म्हणजे विटलेला गाऊन, उसवलेला परकर. चांगलंचुंगलं ते बाहेर जायला. आणि ह्यांचा मानाचा कपडा तो घरचा! मी म्हटलं, ‘‘शिवते. पण मापं मी एकेकीची घेणार. एस, एम, एल मला सांगायचं न्हाय.’’

उमरग्याला जाऊन कापड आणलं. ताणलं तर ताणणारं, सोडलं तर परत जागेवर येणारं. माझ्या मशीनला ते सोसेना. टाके सुटायचे. सुई बदलली, दाब बदलला, मशीनला शिव्या घातल्या, तेव्हा कुठं ते वळणावर आलं. नंबर पांढऱ्या कापडाचे कापले आणि पिकोच्या मशीनवर कडेनं नागमोडी टाके मारून बसवले. आयांची कुरकुर नको म्हणून हाफपँटच्या आत काळ्या लेगिंग ठरल्या.

पोरी मापाला यायच्या त्या खिदळत. एकटी तेवढी गप्प होती. गोलात उभी राहणारी पोरगी. तिच्या घरी मेंढरं. बाप वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन फिरतीवर, पोरगी चुलत्याकडं राहायची. तिच्या अंगावर मी आजवर जे कपडे बघितले, ते सगळे आधी तिच्या चुलत बहिणींच्या अंगावर बघितलेले. त्यातले दोन ब्लाऊज तर मीच शिवलेले होते, तिच्यासाठी नव्हे. शाळेचा गणवेशसुद्धा तिचा एक वर्ष जुना, सगळ्यांहून फिकट. टेप लावला तेव्हा ती श्वास रोखून उभी राहिली, मी ‘‘झालं गं’’ म्हटलं तरी हलेना.

मॅडमनी मला एक कागद दिला होता. त्यावर सगळ्यांची नावं, नंबर, आणि हिच्या नावापुढं लिहिलेलं: गोलकीपर, पिवळा. त्यासाठी वेगळं कापडही आणायला सांगितलं होतं.

तो कागद बघून माझं डोकंच फिरलं. पंधरा जणींना निळा आणि ह्या एकटीला पिवळा? आधीच पोरगी सगळीकडं वेगळी पडते, आता इथंही पंक्तिप्रपंच? मला त्याचं दुःख ठाऊक होतं. भाचीच्या लग्नात माझ्या दोन्ही बहिणींना मानाच्या भरजरी साड्या मिळाल्या आणि मला एक साधी, पिवळी, लाल काठाची. भावजय म्हणाली, ‘‘तुम्ही काय, घरच्याच की!’’ त्या साडीची मी दोन वर्षं घडी मोडली नव्हती. तर म्हटलं, ह्या पोरीला मी असं होऊ देणार नाही. कागद ठेवला बाजूला, पिवळं कापड आणलंच नाही आणि सोळाच्या सोळा निळे शिवले. मॅडमना बोलले नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मॅडमच्या आग्रहानं मीही टीमबरोबर धाराशिवला गेले. येताना तुळजापूरला उतरायचं ठरलं होतं, म्हणून देवीच्या ओटीला मी तीच पिवळी साडी घेतली. नकोशी साडी देवीच्या गळ्यात घालायची, ही माझी अक्कल! ड्रेसचं गाठोडं मी मैदानावरच सोडलं. पोरींनी ड्रेस घातले आणि मी बघतच राहिले. त्याच कालच्या शेंबड्या पोरी, पण ताठ उभ्या. मला भरून आलं.

मग पंच आले. एकेकीचा नंबर बघत बघत गोलकीपरपाशी थांबले. ‘‘हिचा ड्रेस?’’

‘‘हाच की,’’ मी पुढं होऊन म्हटलं.

‘‘असं चालत नाही बाई. गोलकीपरचा रंग वेगळा पाहिजे. हातानं बॉल धरायचा हक्क फक्त तिला. गर्दीत कुणाचा हात लागला हे आम्हाला कळायचं कसं?’’

मॅडम माझ्याकडं वळल्या. ‘‘ताई, मी कागदावर लिहून दिलं होतं.’’

‘‘एकटीलाच येगळं कसं द्यायचं, मॅडम? पोरगी आधीच...’’

‘‘विचारायचं तरी मला! आता हिच्यापायी सगळ्या परत जाणार का?’’

पोरी गोळा झाल्या होत्या. आमची मॅच दुसरी होती, म्हणजे तासभर हातात होता. समोरच्या टीमचे एक सर भले माणूस. त्यांनी आपल्या पिशवीतून एक जुना केशरी टी-शर्ट काढला आणि म्हणाले, ‘‘हा घाला. मोठा होईल, पण चालेल.’’

आणि पोरीनं हात पुढं केला. सवयीनं. जन्मभर तिनं तेच केलं होतं, दुसऱ्यानं दिलेलं घ्यायचं आणि अंगात चढवायचं. मी म्हटलं, ‘‘सर, तुमचे लई उपकार. पण हिला उतरलेला कपडा न्हाय. मला तास द्या.’’

‘‘तासाला एक मिनिट वर झालं तर हाच घालायचा,’’ मॅडम म्हणाल्या. त्यांचाही नाइलाज होता.

मी साडीची पिशवी आणि तिचा निळा शर्ट घेऊन पळत सुटले. मैदानाबाहेर रस्त्याला लागूनच एक जेन्ट्स टेलर दिसले. म्हातारे, नाकावर चष्मा, मशीनवर कुणाची तरी पँट. धापा टाकत सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘अर्जंट हाय?’’

‘‘लईच.’’

‘‘मग बसा की. उभं राहून शिवता येतं व्हय?’’ त्यांनी पँट काढून बाजूला टाकली आणि खुर्ची मोकळी केली. अनोळखी बाईला आपल्या मशीनवर बसू देणारा टेलर मी आयुष्यात दुसरा बघितला नाही. मी स्वतः देत नाही, खोटं कशाला बोलू?

साडी उलगडली. दोन वर्षांच्या घड्यांच्या रेषा उमटल्या होत्या. देवीला मनातल्या मनात म्हटलं, आई, रागावू नको, आणि कात्री लावली. पोरीचं माप मला तोंडपाठ होतं. कापड ताणणारं नव्हतं, म्हणून बाही जोडतात तो मुंढा मोठा ठेवला, बगलेत चौकोनी तुकडा घातला. आमचे शेतकरी घालतात त्या पैरणीला असतो तसा, हात वर गेला तरी आवळायला नको. काठ बाहीच्या टोकाला आणि खाली घेतला, त्यामुळं पट्टी दुमडायचा वेळ वाचला. पिवळ्यावर पांढरा नंबर दिसला नसता. तेव्हा त्या म्हाताऱ्या टेलरनीच तिच्या शर्टाच्या पाठीच्या निळ्या कापडातून एकचा आकडा कापून दिला. माझ्या हातचा नवाकोरा शर्ट माझ्यादेखत फाडला गेला, पण वाईट वाटायला सवड नव्हती. पळता पळता मी त्यांच्या पाया पडले. ते ओरडले, ‘‘अवो बाई, धागं तरी तोडा!’’

धागे पोरीच्या अंगावर शर्ट चढवल्यावर दातांनी तोडले. मॅडमनी घड्याळ बघितलं नाही. पोरीनं दोन्ही हात वर केले, खाली केले, परत वर केले आणि गोलाकडं गेली.

मला खेळातलं काही कळत नाही. पण पिवळं कापड जिकडं उडी मारेल तिकडं मी उडत होते, एवढं खरं. पहिली मॅच आम्ही जिंकलो. दुसरीत हरलो. एक गोल तिच्या बोटांना लागून आत गेला आणि मी त्या बॉलला अशा शिव्या दिल्या की शेजारची बाई उठून लांब जाऊन बसली. शाळेत नंतर टीम बंद करायचा विषय कुणी काढला नाही. मॅडमनी मला माफ केलं, तेही सगळ्यांसमोर, ‘‘ताई होत्या म्हणून,’’ असं म्हणून. चूक माझी आणि मोठेपण त्यांचं.

परतीला उशीर झाला, तुळजापूरला उतरता आलं नाही. बसमधूनच हात जोडले. पोरगी माझ्या शेजारी बसली होती, शर्ट तसाच अंगावर, मातीनं भरलेला. मला राहवेना. म्हटलं, ‘‘चुकले गं मी. सगळ्यांत तुलाच येगळं काढल्यासारखं होईल, तुला वाईट वाटंल, म्हणून निळा शिवला व्हता.’’

तिनं बाहीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘‘मावशी, गोलात उभं ऱ्हायला कुनीच तयार न्हवतं. बॉल तोंडावर बसतोय. म्या आपनहून हात वर केला.’’

‘‘का गं?’’

‘‘मॅडमनी देशाच्या पोरींच्या टीमचा फोटू दाखिवला व्हता. समद्या निळ्या अन् गोलकीपर एकटी येगळी. म्हनलं, असला शर्ट टीममधी एकच असतोय. म्हंजी त्यो कुनाचा उतरलेला नसनार.’’

वर्षभर ती त्या शर्टासाठी तोंडावर बॉल झेलत होती, आणि मी तिला न विचारता, तिच्या भल्यासाठी म्हणून, तो काढून घेतला होता. मला रडू आवरेना. भर बसमध्ये, सगळ्या पोरींदेखत रडले. तिनं मला हे सांगितलं, मनात ठेवलं नाही, ह्याचे उपकार मी कसे फेडू? मी तिचा हात धरला आणि नळदुर्ग मागं पडलं तरी सोडला नाही.